‘काळी वाइन’ नावाची वाइन असते का?

स्पेनविषयीच्या एका प्रवासलेखाचं मराठी करताना एका वाचकबाईंना हे वाक्य अडलं: ‘कातालोनियाच्या कोरड्या डोंगराळ प्रायोराट भागातली कोरडी काळी वाइन.’ बाटलीवर कातालान भाषेत तिचं वर्णन ‘वि नेग्रे’ असं छापलेलं, आणि ‘नेग्रे’ म्हणजे काळा हे त्यांनी कोशात पाहून घेतलेलं. पण फोटोतली वाइन चांगली लालभडक दिसते. मग मराठीत काळी लिहायची की लाल? शिवाय ‘प्रायोराट’ हा उच्चार बरोबर आहे का, आणि एकाच वाक्यात दोनदा आलेला ‘कोरडी’ हा शब्द कानाला खटकतो, त्याचं काय करायचं?

आधी रंगाचं बघू. कातालान भाषेत रेड वाइनला ‘वि नेग्रे’ असंच म्हणतात. ही काही खास काळीकुट्ट अशी वेगळी जात नाही. इंग्रजी जिला रेड म्हणते, फ्रेंच ‘रूझ’, इटालियन ‘रोस्सो’, तीच ही. (‘वि’ हे स्पेलिंगप्रमाणे. बार्सिलोनाकडे ‘व’चा ‘ब’ होतो, त्यामुळे तुम्हाला तिथे ‘बि नेग्रे’ ऐकू येईल.) पांढरी ती ‘वि ब्लांक’, गुलाबी ती ‘वि रोझात’ आणि लाल मात्र ‘काळी’. क्रोएशियातही ‘त्स्र्नो विनो’ म्हणजे काळी वाइन म्हणतात. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोघी तर लाल-काळ्याच्या वादातच पडत नाहीत. त्यांचा शब्द ‘तिंतो’, म्हणजे रंगवलेली. पोर्तुगीज बाटल्या गोव्यात बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील, त्यांच्यावर ‘विन्यो तिंतो’ असतं ते हेच. त्याच घराण्यातला ‘तिंता’ म्हणजे शाई.

या सगळ्यांत मला ‘तिंतो’ सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण रेड वाइन खरोखरच रंगवलेली असते. काळं द्राक्ष चिमटीत दाबून बघा, आतला गर फिकट निघतो. बहुतेक जातींत रंग असतो तो सालीत. रस सालींसकट आंबवला की साल आपला रंग सोडते आणि वाइन लाल होते. साली लगेच वेगळ्या काढल्या तर काळ्या द्राक्षांचीही पांढरी वाइन होते. शँपेनवाले तिला ‘ब्लाँ द न्वार’ म्हणतात, म्हणजे काळ्यांची पांढरी. गरसुद्धा लाल असणाऱ्या थोड्या जाती आहेत, आणि त्यांतल्या एकीला स्पॅनिशमध्ये ‘गार्नाचा तिंतोरेरा’ म्हणतात, म्हणजे रंगारीण!

आता फ्रेंच काय करतात ते बघा. द्राक्षाला ते ‘न्वार’, म्हणजे काळं म्हणतात (‘पिनो न्वार’ हे नाव ओळखीचं असेल) आणि त्याच द्राक्षाच्या वाइनला मात्र ‘रूझ’, लाल. कातालान माणूस द्राक्षाचा रंगच वाइनला देऊन मोकळा होतो. आणि मराठी? आपण बाजारात ‘लाल द्राक्षं द्या’ म्हणतो का? आपली शरद सीडलेस ‘काळी द्राक्षं’च असते. बेदाणे पिवळे-हिरवे, मनुका काळ्या. म्हणजे द्राक्षापर्यंत आपण कातालानांच्या पंगतीत बसतो, पण ‘वाइन’ हा शब्द इंग्रजीतून आला आणि ‘रेड’ सोबत घेऊनच आला. आज मराठी वाचकाला ‘रेड वाइन’ किंवा ‘लाल वाइन’ कळते. ‘काळी वाइन’ वाचून त्याला वाटेल, हा काहीतरी वेगळा प्रकार दिसतोय. कोरा चहा इंग्रजीत ‘ब्लॅक’ असतो म्हणून कोणी आपल्या घरी ‘काळा चहा टाक’ म्हणत नाही. तेव्हा उत्तर: लाल वाइन लिहा. कातालान शब्दाची गंमत वाचकापर्यंत पोचवायचीच असेल तर ‘काळ्या द्राक्षांची लाल वाइन’ लिहा. त्यात खोटं काही नाही आणि मराठीही मोडत नाही.

(‘तांबडी’ का नको, असं कोणी विचारेल. तांबड्यात मातीची, विटेची छटा येते. जुन्या, मुरलेल्या वाइनचा रंग तसा होतो खरा, पण ताजी वाइन जांभळटाकडे झुकलेली असते. मला विचाराल तर ‘किरमिजी’ हा नेमका शब्द आपल्याकडे पडून आहे. पण तो प्रकाराचं नाव म्हणून नाही, वर्णनात वापरावा.)

‘प्रायोराट’ मात्र सोडाच. तो इंग्रजी अक्षरं इंग्रजी पद्धतीने वाचून झालेला उच्चार आहे. कातालान नाव ‘प्रियोरात’, स्पॅनिश रूप ‘प्रियोरातो’. शेवटचा ‘त’ दंत्य, आपल्या ‘रात’मधला. बार्सिलोनाच्या बोलीत आघात नसलेला ‘ओ’ बराचसा ‘उ’ होतो, म्हणून तिथे ‘प्रिउरात’सारखं ऐकू येतं, पण लेखनात ‘प्रियोरात’ पुरे. आणि त्याचा ‘प्रिय रात’शी काडीचाही संबंध नाही, हे सांगायची वेळ माझ्यावर खरोखरच आलेली आहे.

शब्दाचं मूळ मोठं छान आहे. लॅटिन ‘प्रिओर’ म्हणजे पहिला, वरचा. ख्रिस्ती मठांमध्ये हे एका अधिकाऱ्याचं पद. बऱ्याच पंथांत त्याच्यावर ‘अॅबट’ असतो, पण कार्थुसियन पंथात अॅबट नाहीत, मठाचा प्रमुख ‘प्रिओर’च. या पंथाचे साधू बाराव्या शतकाच्या शेवटी तारागोना शहराच्या मागच्या डोंगरांत, मोन्सांत नावाच्या डोंगराच्या कड्याखाली आले. आरागोनचा राजा दुसरा आल्फोन्सो याने त्यांना जमीन दिली. मठाच्या स्थापनेचं साल ११९४ देतात. आयबेरियन द्वीपकल्पातला या पंथाचा हा पहिला मठ. नाव ‘स्काला देई’, देवाची शिडी. आख्यायिका अशी की पाइनच्या झाडावरून स्वर्गात चढणारी शिडी आणि तिच्यावरून जाणारे देवदूत एका मेंढपाळाला दिसले. भोवतालच्या गावांवर या प्रिओरचा अंमल चाले, तिथले लोक त्याला खंड आणि उत्पन्नाचा वाटा देत. त्याच्या हद्दीचं नाव पडलं ‘प्रियोरात’. पाटलाची पाटीलकी, महंताची महंती, तसं हे ‘प्रिओरकी’सारखं पदावरून पडलेलं नाव. फरक एवढाच की आपली पाटीलकी पदापाशी आणि वतनापाशी थांबली, तर प्रियोरात जमिनीला चिकटलं. १८३५ मध्ये स्पेन सरकारने मठांच्या मालमत्ता काढून घेतल्या, साधू गेले, मठ लुटला गेला. आज तिथे अवशेष आहेत. प्रिओर उरला नाही, पण त्याची हद्द नकाशावर राहिली आणि बाटलीवरही आली.

हद्दीवरून एक सावधगिरी. प्रशासकीय प्रियोरात तालुका मोठा आहे, फालसेत हे त्याचं मुख्य गाव. वाइनचं प्रियोरात त्याहून लहान: ग्रातल्योप्स, पोरेरा, पोबोलेदा, तोरोजा, एस्कालादेई असा मधला भाग. त्याला कडं घातल्यासारखी वेढून जी वाइन होते, तिचं नाव ‘मोन्सांत’. म्हणजे तालुक्यातली प्रत्येक वाइन प्रियोरात नव्हे. स्पेनमध्ये वाइनच्या प्रदेशाला मिळणारा सर्वांत वरचा दर्जा फक्त दोघांकडे आहे, रिओखा आणि प्रियोरात.

ही प्रतिष्ठा मात्र अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने इथले मळे संपवले, लोक तारागोनाकडे, बार्सिलोनाकडे निघून गेले. मग १९८९ साली रने बार्बिए, आल्वारो पालासिओस, दाफ्ने ग्लोरियान, कार्लेस पास्त्राना आणि जुझेप ल्युईस पेरेस या मंडळींनी ग्रातल्योप्समध्ये एकत्र वाइन केली आणि वेगवेगळ्या नावांनी बाटल्यांत भरली. नावांत फ्रेंच ‘क्लो’ हा शब्द होता, म्हणजे कुंपण घातलेला मळा. क्लो मोगादोर, क्लो एरास्मुस वगैरे. उघड्या डोंगरउतारावरच्या वाइनला ‘कुंपणातली’ म्हणायची ही हौस मला थोडी फ्रेंचांकडे बघून केलेली वाटते, पण नावं टिकली आणि किमती अवाच्या सवा वाढल्या हे खरं.

आता ‘कोरडी’. तुमच्या वाक्यात हा शब्द दोनदा आलाय आणि दोन्ही ठिकाणी वेगळ्या कारणाने खटकतोय.

प्रदेशाला ‘कोरडा’ म्हणता येतं, पण मराठीत शेतीविषयी बोलताना त्याहून नेमके शब्द तयार आहेत. कातालान शेतकरी ‘सेका’ आणि ‘रेगादिउ’ असे जमिनीचे दोन प्रकार करतो, ते हुबेहूब आपले जिरायत आणि बागायत. प्रियोरातचे जुने मळे सेका, म्हणजे जिरायती, कोरडवाहू. पाऊस वर्षाला साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर, आपल्या दुष्काळी पट्ट्याइतका, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. पायाखाली ‘ल्यिकोरेल्या’ नावाचा काळसर, चकाकणारा, पापुद्रे सुटणारा दगड. याला ‘स्लेट’ लिहून ठेवू नका, आपल्याकडे ‘पाटीचा दगड’ म्हणतात, शाळेच्या पाटीमुळे तो सगळ्यांना माहीत आहे. वेलींची मुळं त्याच्या भेगांतून ओल शोधत खोल जातात. उतार इतके तीव्र की काही ठिकाणी अजून खेचरं लावून नांगरतात. अशा उताराच्या मळ्याला तिथे ‘कोस्तेर’ म्हणतात. जिथे पायऱ्या पाडल्यात तिथे कोकणातला ‘मजगी’ शब्द आठवतो, पण तो भातखाचराशी इतका जोडलेला आहे की मी ‘पायऱ्यांची शेती’ म्हणेन.

‘जिरायती द्राक्षमळा’ वाचून नाशिक-सांगलीचा शेतकरी हसेल, कारण आपल्याकडे द्राक्ष म्हटलं की ठिबक आलं, मांडव किंवा ‘वाय’ (इंग्रजी Y च्या आकाराचा वेलींचा आधार) आला, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी आली. प्रियोरातमधल्या जुन्या वेलींना तार नाही, मांडव नाही. प्रत्येक वेल बुटक्या झुडपासारखी स्वतःच्या पायांवर उभी. म्हणून अनुवादात ‘द्राक्षबागा’पेक्षा ‘द्राक्षमळे’ लिहिलेलं बरं, बागेत पाणी गृहीत असतं. द्राक्षं मुख्यतः दोन, आणि त्यांची नावं भाषेगणिक बदलतात: कातालान गर्नाचा ती स्पॅनिश गार्नाचा ती फ्रेंच ग्रनाश, कातालान कारिन्येना ती फ्रेंच कारिन्याँ, जिला स्थानिक लोक ‘साम्सो’ही म्हणतात. लेखात एकच रूप धरा, नाहीतर वाचक तीन द्राक्षं मोजेल.

वाइनला ‘कोरडी’ म्हणणं मात्र मराठीत चालत नाही. कोरडी भाकरी, कोरडा खोकला, कोरडा दुष्काळ, या सगळ्यांत पाण्याचा अभाव आहे. (‘कोरड्यास’ तेवढं उलटं, ते कालवण!) वाइनचा ‘ड्राय’, कातालान ‘सेक’, सांगतो साखरेचा अभाव: आंबताना साखर जवळपास सगळी संपलेली, गोडी न उरलेली. ‘ड्राय वाइन’ हाच शब्द आता रुळलाय, तो ठेवा. फोड करायची असेल तर ‘गोडी नसलेली’ म्हणा. ‘अगोड’ सुचवणारे आहेत, पण तो ओढूनताणून केलेला वाटतो. आणि ड्राय वाइनचा ड्राय डेशी काही संबंध नाही, तेवढं वाचक समजून घेईल.

अशा शब्दशः अनुवादाचा आणखी एक सापळा याच प्रदेशात आहे. इथे ‘वि रान्सि’ नावाची जुनी पद्धत आहे: वाइन मुद्दाम हवेच्या सान्निध्यात वर्षानुवर्षं मुरवतात. कोशात ‘रान्सि’ला खवट मिळेल. ‘खवट वाइन’ लिहिलंत तर कोणी हात लावणार नाही. ‘रान्सि’च ठेवून ‘हवेत मुरवलेली’ असं जोडा.

एवढं सगळं बसवून वाक्य असं होईल: ‘कातालोनियातल्या प्रियोरात या कोरडवाहू डोंगराळ भागातली, काळ्या द्राक्षांची ड्राय लाल वाइन.’

विभक्ती लावताना ‘प्रियोराताची’ करू नका. परदेशी गावांना, प्रदेशांना आपण आता सामान्यरूप देत नाही: बार्सिलोनाची, न्यूयॉर्कची, तशी प्रियोरातची. ‘गुजरातेत’सारखं ‘प्रियोरातेत’ ऐकायला मला आवडेल, पण गुजरात शेजारचं म्हणून आपण त्याला ‘गुजरातेत’ करून घेतलं. इथे ‘प्रियोरातमध्ये’. लिंगाचं म्हणाल तर भाग म्हणून ते नपुंसक आणि वाइन म्हणून स्त्रीलिंगी: ‘प्रियोरात डोंगराळ आहे’, पण ‘प्रियोरात महाग पडली’.