वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळासाठी, हाताने टेरेन (डोंगर, भिंती, इमारती) बनवतोय. पहिला थर्माकोलचा डोंगर रंगाचा स्प्रे मारताच विरघळला. काय चुकलं, आणि आता सुरुवात कुठून करू? चित्रकला येत नाही, म्हणून रंगाचीही भीती वाटते. पुढे चार बुरुजांचा किल्ला करायचा बेत आहे.

आधी डोंगराचं सांगतो. मग तुम्ही शेवटच्या ओळीत जो बेत लिहिलाय, चार बुरुजांच्या किल्ल्याचा, त्यापासून तुम्हाला थोडं मागे ओढतो.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन, आणि त्यातही बहुतेक हवाच. स्प्रेच्या डब्यातला रंग पातळ ठेवण्यासाठी ॲसिटोनसारखं द्रावक घातलेलं असतं आणि ते पॉलिस्टायरिन विरघळवतं. हवेभोवतीचं पातळ कवच गेलं की मागे काही उरतच नाही, म्हणून जरासा फवारा उडाला तरी डोंगर बसतो. यात तुमच्या हाताचा दोष नाही. यावर उपाय म्हणजे काळा ॲक्रिलिक रंग आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद साधारण सारखे घेऊन ब्रशने दोन हात द्यायचे. याने पृष्ठभागावर एक चिवट कातडी येते आणि नंतर कोपरे ठिसूळ होऊन झडत नाहीत. त्यावर स्प्रे चालतो असं म्हणतात आणि चालतोही, पण एखादी भेग राहून गेली तर तो तिथूनच आत शिरतो. मी फोमवर स्प्रे वापरणं सोडूनच दिलंय.

गोंदाचंही तेच. सुपरग्लू आणि उग्र वासाचे रबरी गोंद फोम खातात. पांढरा गोंद निर्धोक असतो, मात्र दोन मोठ्या पाट्यांच्या मध्ये तो दिवसेंदिवस ओला राहतो, कारण तिथे हवा पोचत नाही. मी दोन्ही थरांतून टूथपिक खुपसतो, वर वजन ठेवतो आणि दोन दिवस तिकडे फिरकत नाही.

आता मूळ मुद्दा. माझं पहिलं मोठं काम म्हणजे एक उभा कडा आणि त्याच्या टोकावर टेहळणीचा मनोरा. तीन आठवडे खपलो होतो. फोटो झकास आले. पहिल्याच डावात माझा धातूचा निशाणवाला त्या उतारावरून घसरला आणि त्याच्या भाल्याचं टोक गेलं. समोरच्याने आपले सैनिक तिथे ठेवायचंच बंद केलं. तो एक फासा ठेवायचा आणि म्हणायचा, ‘समज, हा इथे आहे.’ तिसऱ्या डावापर्यंत तो कडा टेबलाच्या अशा कोपऱ्यात सरकला होता जिथे कुणी जातच नाही. तेव्हापासून काम करताना माझ्या हाताशी एक रिकामा २५ मिमीचा बेस, म्हणजे सैनिकाच्या पायाखालची चकती, असतो. काहीही कापण्याआधी तो तिथे ठेवून बघतो: उभा राहतो का? टेबलावर मूठ आपटली तरी टिकतो का? माझी बोटं त्याच्यापर्यंत पोचतात का? टेरेनचं खरं माप हेच. सैनिकाचा बेस आणि खेळणाऱ्याचा हात. सुंदर दिसणं त्यानंतरचं.

म्हणूनच प्रमाणाच्या बाबतीत सरळ खोटं बोलायला शिका. २८ मिमीची मिनिएचर, म्हणजे हे छोटे सैनिक, ढोबळमानाने १:५६ ते १:६४ मध्ये धरतात. १:५६ ने हिशोब केला तर खराखुरा ९० सेंटीमीटर रुंदीचा दरवाजा १६ मिमीचा होतो, आणि २५ मिमीच्या बेसवरचा सैनिक त्यातून जाऊच शकत नाही. मी दरवाजा ३० मिमी रुंद आणि ४० मिमी उंच ठेवतो. बेसच्या जाडीमुळे सैनिक थोडा उंचावलेला असतो, त्यामुळे तो दारात उभा राहिला की डोळ्याला खटकत नाही. जिन्याची गंमत तर आणखी. खरी पायरी या प्रमाणात जेमतेम ५ मिमी खोल येते. तिच्यावर कुणीच उभं राहू शकत नाही. तेव्हा जिना निव्वळ शोभेचा ठेवा, किंवा मध्ये एक ऐसपैस चौथरा द्या. मजल्याचंही तसंच. हिशोबाने ३ मीटरचा मजला ५४ मिमीचा होईल, पण खालच्या मजल्यावरचा सैनिक उचलायला दोन बोटं आत जायला हवीत. मी ७५ मिमी धरतो आणि छत सुटं ठेवतो. पडक्या इमारती या खेळांत इतक्या का दिसतात, याचं अर्धं उत्तर युद्धात आहे आणि अर्धं हात आत घालण्याच्या सोयीत.

डोंगरही याच हिशोबाने. गुळगुळीत उतार छान दिसतो पण त्यावर प्लॅस्टिक घसरतं. त्याऐवजी २५ मिमी जाडीच्या फोमचे दोन थर पायऱ्यांसारखे रचा आणि खालच्या थराची कड निदान ४० मिमी बाहेर राहू द्या. माथा किती मोठा हवा? २५ मिमी बेसचे दहा जण पाचाच्या दोन रांगांत उभे राहिले तर १२५ बाय ५० मिमी जागा व्यापतात. माथा त्याहून ऐसपैस हवा, नाहीतर कडेचे दोघे कायम अधांतरी. उभ्या कडांवर खडकाचं रूप कोरा, सपाट भागावर वाळू आणि गवत. लांबून नैसर्गिक दिसतं आणि कुणी घरंगळत नाही.

फोम शक्यतो एक्सपीएस घ्या, म्हणजे उष्णतारोधनासाठी बनणाऱ्या निळ्या किंवा गुलाबी घट्ट पाट्या. दाण्यांच्या थर्माकोलवर विटा कोरता येत नाहीत. सुरी लावली की दाणे उडतात आणि आठवडाभर बाह्यांना चिकटलेले सापडतात. पण मोठ्या डोंगराच्या पोटात भर म्हणून ते उत्तम. कापायला पात्याची सुरी लांब बाहेर काढा, पातं आडवं धरून ओढा, दाबू नका, आणि पातं बदलायला कंजूषपणा करू नका. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. तापत्या तारेचा कटर घेतलात तर खिडक्या उघड्या ठेवा, तो धूर चांगला नसतो.

खडकाचा पोत आणायला महागडं काही लागत नाही. ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळून गोळा करा आणि फोमवर दाबत फिरवा. दगडाची खडबड लगेच उठते. विटांच्या रेषा संपत आलेल्या बॉलपेनने ओढा, मग काही विटा बोटाने किंचित आत दाबा आणि एखाददुसरी उपटून काढा. एक गोष्ट बहुतेकजण विसरतात: भिंत पडली तर तिच्या विटा गेल्या कुठे? फोमचे उरलेले तुकडे बारीक करून भिंतीच्या पायाशी ओता. तो ढीग नसेल तर भिंत पडलेली वाटत नाही, कुणीतरी करवतीने कापून नेल्यासारखी दिसते.

इमारतीला तळपाटी हवीच. ३ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली पाटी, पुरतं. त्याच्या कडा घासून उतरत्या करा, नाहीतर प्रत्येक इमारत बशीत वाढल्यासारखी दिसते. आणि पाटीच्या दोन्ही बाजूंना रंगाचा हात द्या. एकाच बाजूला पाणीदार गोंद आणि वाळू लावली की सुकताना ती बाजू आकसते आणि पाटी होडीसारखी वाकते. माझ्या दोन इमारती अजून डुलतात. पुठ्ठा तर हमखास वाकतो.

रंगाची भीती तुम्ही लिहिली आहे, चित्रकला येत नाही म्हणून. इथे चित्रकला लागत नाही, धीर लागतो. काळ्या थरावर गडद राखाडी, सगळीकडे. त्यावर अधूनमधून तपकिरी आणि मळकट हिरव्याचे डाग टाका, कारण खरा दगड नुसता राखाडी कधीच नसतो. मग पातळ केलेला गडद तपकिरी रंग खाचांत उतरू द्या आणि पूर्ण सुकू द्या. शेवटी ड्रायब्रश: मोठ्या ब्रशला फिका रंग लावा, फडक्यावर इतका पुसा की काही उरलंच नाही असं वाटेल, आणि कडांवरून हलकेच फिरवा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात. सगळी जादू याच पायरीत आहे, आणि बिघडते तीही इथेच, खाचा सुकायच्या आत ब्रश फिरवला की.

गवत सर्वात शेवटी आणि हात आखडता घेऊन. सगळीकडे एकसारखं हिरवं भुरभुरलं की गालिचा होतो. पाणी जिथे साचेल तिथे, भिंतींच्या सांध्यात, दगडाच्या आडोशाला लावा. वाळू एकाच जाडीची नको, बारीक आणि भरड मिसळा. चिकटवून रात्रभर सुकवा आणि वरून पाणी घातलेल्या गोंदाचा आणखी एक हात द्या. त्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला तर ते वाळूत मुरतं, नाहीतर थेंब वरच गोल होऊन बसतात.

आता किल्ला. तो करू नका, निदान वर्षभर तरी. टेबलाला एका भव्य वास्तूपेक्षा जागोजागी आडोसे जास्त लागतात. वॉरहॅमर ४०,००० या लोकप्रिय वॉरगेमचंच उदाहरण घ्या. साध्या पायदळाची चाल साधारण ६ इंच, बोल्टर या तिथल्या नेहमीच्या बंदुकीचा पल्ला २४ इंच आणि डाव पाच फेऱ्यांचा. मध्ये २४ इंच मोकळं रान असेल तर चालत निघालेल्याला ते ओलांडायला चार फेऱ्या लागतात आणि त्या सगळ्या तो गोळ्या खात काढतो. तुमचा किल्ला मध्यभागी कितीही देखणा असला तरी दोन्ही बाजूंना असं रान उरलं, तर जो आधी गोळीबार करेल तो जिंकेल. म्हणून पहिल्या महिन्यात दहा-बारा छोटे तुकडे करा: पडक्या भिंतींचे इंग्रजी एल आकाराचे कोपरे, खडकांचे पुंजके, दोन पायऱ्यांचे डोंगर, कुंपणाचे तुकडे. चारपाच तरी इतके उंच हवेत की मागचा सैनिक पूर्ण झाकला जाईल. मांडून झाल्यावर गुडघ्यावर बसा, डोळा टेबलाच्या पातळीला आणा आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार दिसतंय का ते बघा. दिसलं तर तिथे काहीतरी सरकवा. मी टेबलाचा साधारण चौथा भाग भरतो, शहरी लढाई असेल तर अधिक.

सुट्या तुकड्यांची युक्ती जुनीच आहे. १८१२ साली राइसवित्झ नावाच्या सरदाराने प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाला युद्धखेळाचं जे टेबल दिलं, त्यात भूप्रदेशाच्या चौकोनी फरशा हव्या तशा मांडता येत असत. रोज नवं रणांगण. एकसंध मोठा देखावा केला की पाचव्या डावाला तो पाठ होतो, शिवाय तो ठेवायचा कुठे हा प्रश्न असतोच. मी हल्ली आधी खोका निवडतो आणि त्यात मावेल तेवढंच उंच बांधतो.

आणि तो विरघळलेला डोंगर टाकू नका. द्रावकाने खाल्लेला असा खड्ड्याखड्ड्यांचा पृष्ठभाग कोरून कधीच जमत नाही. वास पूर्ण जाईपर्यंत उघड्यावर ठेवा, वर सांगितलेलं काळ्या रंगाचं आणि गोंदाचं मिश्रण दोन हात लावा, मधला खोलगट भाग बेस बसेल इतका सपाट करून घ्या आणि कडेने वाळू चिकटवा. तोफगोळ्याचा खड्डा तयार. अकरा तुकडे अजून बाकी आहेत.