एअर फ्रायर घ्यावा का? आधी घरातली माणसं मोजा

ताई, सहा माणसांच्या घरासाठी विचारताय, म्हणून स्पष्टच सांगते. एअर फ्रायरमध्ये तळण होत नाही. पंखा गरम हवा फिरवतो आणि पदार्थ वरून कुरकुरीत भाजला जातो. त्यामुळे पातळ पिठातल्या भजी-बटाटवड्यांचा नाद सोडा, पीठ जाळीतून गळतं.

मासे मात्र छान होतात. सुरमईच्या तुकड्यांना आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मीठ, हळद, तिखट लावून मुरू द्या. रवा-तांदळाचं पीठ दाबून बसवा आणि वरून ब्रशने तेल फिरवा. तेल अजिबात न लावणं ही नवख्यांची नेहमीची चूक. रवा पांढरा, कोरडाच राहतो. १८० अंशांवर साधारण १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. ओले बोंबील आधी वजनाखाली दाबून पाणी काढा. सुकट (वाळवलेली बारीक कोलंबी) हलकी, आत उडते; ती तव्यावरच भाजा.

घेण्याआधी एवढं बघा:

- ४ लिटरच्या भांड्यात एका थरात चारेक तुकड्या मावतात. एकावर एक रचल्या तर वाफवल्यासारख्या मऊ पडतात. तुम्हाला दोन-तीन घाणे काढावे लागतील, किंवा मोठा घ्या.
- बरेचसे १५०० वॅटच्या आसपास असतात. १६ अँपिअरचा सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको.
- आपल्या किनाऱ्याकडची हवा खारी. जाळी धुतल्यावर लगेच कोरडी पुसा. तारेची घासणी लावू नका.

तापमान आणि वेळ सोडून बाकीची बटणं सध्या विसरा. आणि घरात कन्व्हेक्शनवाला, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारा ओव्हन असेल, तर आधी त्यातच सुरमई करून बघा. तत्त्व तेच आहे.