येशू शिष्यांबरोबर ‘जेवत’ होता की नुसता ‘एकत्र’ होता?

तुम्ही विचारलंय की प्रेषितांची कृत्ये १:४ मध्ये एका भाषांतरात येशू शिष्यांबरोबर ‘एकत्र असताना’ बोलतो, दुसऱ्यात ‘जेवत असताना’. मग मूळ ग्रीकमध्ये नक्की आहे काय? ग्रीक शिकताना मी स्वतः या शब्दापाशी बरेच दिवस अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शब्द आहे ‘सुनालिझोमेनोस’. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो, त्यामुळे दुसऱ्या वचनाशी ताडून बघायची सोय नाही. ‘सुन’ म्हणजे आपलं ‘सह’. वाद आहे तो उरलेल्या भागाचा. दाटीने जमलेल्या लोकांसाठीच्या शब्दावरून तो आला असेल, तर अर्थ होतो जमणं. ‘हल्स’ म्हणजे मीठ. त्यावरून आला असेल, तर अर्थ होतो कुणाबरोबर मीठ खाणं, म्हणजेच जेवणं. जमण्याच्या शब्दात स्वर दीर्घ आहे, मिठाच्या शब्दात ऱ्हस्व. ग्रीक लिपीत मात्र दोन्हींना एकच अक्षर, आल्फा. आपल्या लिपीत लिहायचं तर एक ‘सुनालिझो’ आणि दुसरा ‘सुनलिझो’. फरक एका कान्याचा, आणि ग्रीक लिपीत तेवढा कानाच नाही! (काही हस्तलिखितांत एक अक्षर जास्तीचं आहे. तिथे अर्थ ‘मुक्काम करणं’ असा होतो, पण तो पाठ मला नंतरची दुरुस्ती वाटतो.)

जमण्याचा अर्थ जुना आणि पक्का आहे, प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने तो वापरलाय. पण इथे क्रियापदाचं रूप एकवचनी आहे. माणसं जमतात, एकटा माणूस जमेल कसा? मिठाच्या अर्थाची उदाहरणं उशिराच्या लेखनातली आहेत, ही त्या बाजूची कमजोरी. तरी जुन्या भाषांतरकारांनी जेवणच धरलं. लॅटिन व्हल्गेटमध्ये ‘बरोबर जेवताना’ आहे, सिरियाक पेशित्तामध्ये ‘त्यांच्याबरोबर भाकर खाताना’. १६११च्या इंग्रजी किंग जेम्समध्ये ‘एकत्र जमून’ आहे, पण पानाच्या समासात ‘जेवताना’ हा पर्यायही छापलाय.

माझा कौल जेवणालाच आहे, आणि तो कृत्यांचा लेखक लूक याच्यामुळे. हाच लेखक आपल्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात पुनरुत्थित येशूला अम्माऊस गावी भाकर मोडताना दाखवतो, मग शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाताना. आणि कृत्ये १०:४१ मध्ये पेत्र सांगतो की तो मेलेल्यांतून उठल्यावर आम्ही त्याच्याबरोबर खाल्लंप्यालं. लूकसाठी ते जेवण हा येशू खरोखर उठल्याचा पुरावा आहे.

मिठाचं आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पान वाढताना आपण आधी मीठ वाढतो, आणि ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ तर रोजच्या बोलण्यात आहे. जुन्या करारात एज्रा ४:१४ मध्ये राजाचे अधिकारी जवळजवळ हेच म्हणतात: आम्ही राजवाड्याचं मीठ खातो, राजाचं नुकसान बघवत नाही. पण म्हणून १:४ वर मिठाच्या कराराचं (बायबलमध्ये अतूट कराराला असं म्हटलंय) अख्खं प्रवचन उभारू नका. शब्द रुळला की त्यातलं मीठ बोलणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही. आपण ‘तेल’ म्हणताना कुठे तीळ आठवतो?

सहभोजनाचा खरा जोर पाहायचा असेल तर ‘सुनेस्थियो’ हा साधा शब्द बघा, सरळ ‘बरोबर खाणं’. लूक १५:२ मध्ये परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहूदी, कुरकुरतात ती त्यावरच: हा पापी लोकांबरोबर जेवतो. आणि गलती २:१२ मध्ये अंत्युखियाला पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असतो. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं येतात, आणि तो घाबरून हळूहळू बाजूला होतो. पौल त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावतो. पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार यावर ज्यांच्या गावात माणसं तोलली गेली, त्यांनी ते वचन एकदा मोठ्याने वाचावं.