बोडक्या डोंगरावर खड्डे काढण्याआधी

"फेब्रुवारीत खारघरच्या डोंगरावर गेलो, सगळं जंगल मेल्यासारखं दिसलं. सोसायटीतर्फे जूनमध्ये तिथे दोनशे वड, पिंपळ, कडुनिंब लावायचे आहेत, खड्डे केवढे घ्यावेत?" असं तुम्ही विचारलंय. खड्ड्यांचं शेवटी बोलू. मी ठाण्याचा, वीसेक वर्षं शेजारच्या येऊरच्या डोंगरावर भटकतोय, खारघरला अधूनमधून येतो. दोन्हीकडचा दगड एकच, काळा बेसॉल्ट, त्यामुळे इथलं बरंचसं तिथेही लागू पडतं.

आधी हे मेलेलं प्रकरण. आपल्याकडे वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उतारावर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. पडलेलं पाणी तासाभरात ओढ्याला लागतं. वनखात्याच्या दप्तरी हे 'आर्द्र पानझडी' जंगल आहे, आणि ओढ्याकाठी उभं राहिलात तर ते पटतंही: जांभूळ, करंज, उंबर, मार्चातसुद्धा सावली. तिथून दोनशे पावलं वर चढा. साग, ऐन, किंजळ, बोंडारा लागतात. आणखी वर, जिथे पायाखाली दगड सरकायला लागतात, तिथे कांडोळ, शेमट, काकड, पांगारा, सावर आणि मधूनमधून कुडा. अगदी उघड्या कातळावर निवडुंग आणि भेगेत मुळं घुसवून बसलेली पायर. दक्षिणेकडचा आणि दुपारचं ऊन खाणारा पश्चिमेकडचा उतार आणखी कोरडा असतो. कुठे कोण उभं राहणार हे मुख्यतः मातीची जाडी आणि ऊन ठरवतं.

आता कांडोळाकडे जरा थांबून बघा. पांढरंफेक खोड, चांदण्यात असं चमकतं की लोक त्याला भुत्या म्हणतात. कागदासारखा पापुद्रा सुटलेला असेल तिथे नखाने हलकेच खरवडा, खाली हिरवं दिसेल. पान एकही नसतं, पण झाड जिवंत असतं, आणि थंडी सरताना त्याच निष्पर्ण फांद्यांवर फुलतंही. (फळांना मात्र हात लावू नका, त्यावरची लव अंगात रुतते. मी एकदा लावलाय.) पांगारा आणि सावर त्याच सुमारास लाल होतात, मार्चात कौशी नारिंगी होते. पानं पाणी उडवतात म्हणून ती टाकायची आणि फुलं उघड्यावर, पक्ष्यांना लांबून दिसतील अशी मांडायची, असा यांचा हिशेब. तुम्ही पाहिलंत ते जंगल झोपलेलंही नव्हतं.

झोपलेलं जे आहे ते जमिनीखाली. शेवळ, रानहळद, कळलावी, फोडशी, पांढरी मुसळी यांचे कंद आणि मुळं दगडांच्या सांदीत आठ महिने पडून असतात. ठाण्याच्या बाजारात पहिल्या पावसात पाड्यांवरच्या बायका शेवळं घेऊन बसतात, आणि सोबत काकडाच्या हिरव्या फळांचा वाटा ठेवतात, कारण काकडांशिवाय शेवळाची खाज जात नाही. शेवळ सांदीत उगवतं आणि काकड त्याच डोंगरावर डोक्यावर उभा असतो. भाजी अर्धी तिथेच जुळलेली असते. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मीठच तेवढं घरून न्यायचं."

कारवी या झुडपाचंही तेच. येऊरला ती २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, आठ वर्षांनी एकदाच. फुलून बी धरलं की मरते, आणि त्या वाळलेल्या काड्या बघून लोकांना वाटतं डोंगर उजाड झाला. त्या काड्यांवरच पुढच्या पिढीचं बी असतं. त्या उपटून 'साफसफाई' करणारा एक उत्साही गट मी पाहिलाय.

आमची स्वतःची चूकही सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही एका उतारावर साठ रोपं लावली, दीड फुटी खड्डे घेऊन. कातळातला खड्डा म्हणजे बादली. जुलैत पाणी तुंबून निम्मी मुळं कुजली, डिसेंबरात उरलेली वाळली, आणि जी चार टिकली ती फेब्रुवारीतल्या वणव्यात गेली. खड्ड्यांतून निघालेल्या मातीत कंद होते, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, तिथे काहीच उगवलं नाही तेव्हा.

खरा शत्रू वणवा आहे. कुसळी गवताला त्याचं काही वाटत नाही. एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून बघा, शेपटी गरगर पीळ सोडते. तशीच ती दवा-पावसात बी जमिनीत खुपसते आणि वरून जाळ गेला तरी बी वाचतं. कुड्या-सागाची पोरं मुळापासून पुन्हा फुटतात, पण दरवर्षी जळली तर गुडघ्यावर कधी जात नाहीत. मग डोंगरावर गवतच राहतं आणि आपण म्हणतो इथे झाडंच नाहीत.

तेव्हा सोसायटीतली माणसं जमणार असतील तर त्यांना जूनमध्ये नाही, डिसेंबरात न्या. वनखात्याची परवानगी घेऊन (जागा त्यांची आहे, लावणीलाही ती लागतेच) त्यांच्या देखरेखीखाली जाळरेषा काढा, म्हणजे वणवा पुढे जाऊ नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी. तीन वर्षं आग लागू दिली नाहीत तर आधीच तिथे असलेली झाडांची पोरं डोक्याएवढी उंच होतील. लावायचंच असेल तर मेच्या शेवटी पांगारा आणि शेमट यांच्या मनगटाएवढ्या फांद्या, गावाकडे कुंपणाला रोवतात तशा, पहारीने भोक पाडून भेगेत रोवा. खड्डा नको, खत नको. फांद्या डोंगरावरच्या तोडू नका, वाड्यांमधल्या कुंपणावरून विचारून आणा.

वड, पिंपळ आणि कडुनिंब सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत लावा, तिथे माती आहे. भिंतीपासून लांब मात्र.