गुडघ्यासाठी लाल दिवा: सुरुवात अशी करा

दादा, गुडघा बरा करून साताऱ्याचा यवतेश्वर घाट पुन्हा पळायचाय ना? मग आधी हे पक्कं करा: फिजिओने दिलेला व्यायाम मुख्य, लाल दिवा, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर लाल प्रकाश घेणं, फक्त जोडीला.

शेकायचा इन्फ्रारेड दिवा वेगळा. तुम्हाला हवा एलईडी पॅनेल, ६६० आणि ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा. ८५० चा प्रकाश जास्त खोल जातो, पण डोळ्यांना जेमतेम दिसतो; ते दिवे विझलेले वाटले तरी बिघडलेले नसतात.

नवखे इथे चुकतात:
- नी-कॅपवरूनच प्रकाश घेतात. गुडघा उघडा हवा, बामही पुसलेला.
- लवकर बरं वाटावं म्हणून वेळ दुप्पट करतात. मात्रा जास्त झाली की गुण उलट कमी येतो.
- गॉगल लावत नाहीत.

डॉक्सिसायक्लिनसारखी, उन्हाने त्वचा पोळवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सूज वाढली तर दिवा लावून वाट बघू नका, लगेच दाखवून या.