अ‍ॅस्परजिलस फ्लेवस आणि पॅरासिटिकस ओळखायला मायक्रोस्कोप पुरतो का, की थेट सिक्वेन्सिंग करावं?

या दोन बुरशींपुरतं विचाराल तर बहुतेक वेळा पुरतो. स्पोअर नीट पिकलेले हवेत आणि बघणाऱ्याची नजर बसलेली हवी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी शेंगदाण्यावरून बुरशी काढली आहे आणि गाइड म्हणतात ‘आयटीएस करून टाका, विषय संपला’, असं तुम्ही लिहिलंय (आयटीएस म्हणजे बुरशी ओळखायला सिक्वेन्सिंगमध्ये वाचला जाणारा डीएनएचा एक ठरावीक तुकडा). ते ‘विषय संपला’ वाचून मला राहवलं नाही.

चापेक यीस्ट अगार या वाढीच्या माध्यमावर 25 अंशाला सात दिवस वाढवा. फ्लेवस पोपटी, पिवळसर हिरवी दिसते. पॅरासिटिकस गडद हिरवी. फ्लेवसच्या स्पोअर धरणाऱ्या बऱ्याच डोक्यांवर पेशींचे मेट्युला आणि फायलाइड असे दोन थर सापडतात, पॅरासिटिकसमध्ये बहुतेक एकच. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे स्पोअरची भिंत. ऑइल इमर्शनखाली पॅरासिटिकसचे स्पोअर स्पष्ट खरबरीत दिसतात, फ्लेवसचे गुळगुळीत किंवा जेमतेम खडबडीत. तिसऱ्या दिवशीचे कोवळे स्पोअर बघून निकाल देऊ नका.

आता आयटीएसबद्दल. मी बरीच वर्षं पशुखाद्य तपासणाऱ्या एका लॅबमध्ये बुरशी बघायचं काम केलं. एकदा एका कुक्कुटपालकाने शेंगदाणा पेंड आणली. पिल्लं खाईनाशी झाली होती, काही मेली होती. पेंड पुरवणाऱ्याने आधीच दुसरीकडून सिक्वेन्सिंग करून घेतलं होतं. आयटीएस, डेटाबेसमध्ये शंभर टक्के जुळणी, वरचं नाव ‘अ‍ॅस्परजिलस ओरायझी’. तो कागद पुढे करून तो म्हणत होता, ही तर जपानी लोक सोया सॉस करायला वापरतात ती बुरशी, खाण्यातलीच आहे. आमच्याकडचे एक वरिष्ठही त्या कागदाकडे बघून म्हणाले, “मॅडम, आता प्लेटी वाढवून बघत बसायचे दिवस गेले. डीएनए खोटं बोलत नाही.”

डीएनए खोटं बोलत नाही हे मान्य, पण तुम्ही त्याला जे विचारता तेवढंच ते सांगतं. ओरायझी ही माणसाने शेकडो वर्षं आंबवण्यासाठी सांभाळलेली, माणसाळलेली फ्लेवसच आहे. दोघींचं आयटीएस इतकं सारखं की यादीत कुठलं नाव वर येईल याला काही अर्थ नाही. आयटीएसला 2012 मध्ये बुरशींचा अधिकृत बारकोड म्हणून मान्यता मिळाली, पण अ‍ॅस्परजिलसमधल्या जवळच्या जाती त्याने सुटत नाहीत. म्हणूनच 2014 पासून या वंशासाठी कॅल्मोड्युलिन जनुक सुचवलं जातं. त्यानेही फ्लेवस आणि ओरायझी वेगळ्या निघतील याचा भरवसा नाही.

मी ती बुरशी पेंडीतून पुन्हा काढली आणि नारळाच्या दुधाच्या अगारवर लावली. अतिनील दिव्याखाली कॉलनीभोवती निळी चमक आली. प्लेट उलटी करून झाकणात अमोनियाचा थेंब टाकला तर कॉलनीची मागची बाजू गुलाबी झाली. दोन्ही खुणा अफ्लाटॉक्सिनच्या, म्हणजे ही बुरशी करते त्या विषाच्या. जुन्या प्लेटांवर काळपट स्क्लेरोशिया (बुरशीच्या धाग्यांच्या कडक गाठी) धरले होते. पेंडीचा अर्क टीएलसीवर (अर्कातली द्रव्यं पातळ थरावर वेगळी करून ठिपके बघायची चाचणी) चालवला, बी-1 या अफ्लाटॉक्सिनच्या जागी ठिपका आला. मी रिपोर्टवर फ्लेवस लिहिलं, अफ्लाटॉक्सिन आढळल्याचं लिहिलं आणि सही केली. वरिष्ठांना ते आवडलं नाही. ‘सिक्वेन्सच्या विरोधात लिहिता?’ असं त्यांनी चारचौघांत विचारलं. मी सिक्वेन्सच्या विरोधात काहीच लिहिलं नव्हतं. फ्लेवसशीही तो तितकाच जुळत होता, त्यांनी यादीतलं दुसरं नाव वाचलंच नव्हतं. तो रिपोर्ट मी आजही तसाच लिहीन.

हा नावांचा किस पाडणं नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की मेल्या त्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे, आणि अफ्लाटॉक्सिनचा शोध त्यातूनच लागला. 1974 मध्ये बांसवाडा-पंचमहालच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. अशा बुरशीवर ‘ओरायझी’ असा कागद चिकटवणं हा निव्वळ आळस आहे, आणि तुमच्या गाइडना हे सांगायला घाबरू नका. ‘प्लेट जुनी झाली’ म्हणणाऱ्यांनी स्वतः शेवटची स्लाइड कधी केली ते एकदा सांगावं.

तरी काही गोष्टी लक्षात ठेवा. फ्लेवसचे सगळेच वाण विष करतात असं नाही, त्यामुळे जात ठरली म्हणून विष ठरत नाही. ते वेगळं तपासावं लागतं. फ्लेवस फक्त बी गटाची विषं करते, पॅरासिटिकस बी आणि जी दोन्ही, म्हणून टीएलसीवर जी गटाचा हिरवा ठिपका दिसला तर ओळखीला चांगला आधार मिळतो. पण नॉमियस, मिनिस्क्लेरोटिजेनस अशा जातीही बी आणि जी दोन्ही करतात. तिथे नुसत्या मायक्रोस्कोपवर मीसुद्धा सही करणार नाही, कॅल्मोड्युलिन करावंच लागेल. नारळाच्या अगारवर चमक नाही म्हणून बुरशी निर्धोक, असंही लिहू नका. आणि प्लेटा उघड्यावर हाताळू नका, मास्क लावा.

प्रबंधात नाव लिहाल तेव्हा ते कशावरून ठरवलं तेही लिहा: कॉलनी, स्पोअर, कुठलं जनुक. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. तिथे कल्चर जमा करा आणि त्याचा क्रमांक प्रबंधात द्या, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर तीच बुरशी पुन्हा वाढवून बघता येईल.