वेठ वेगळी, गुलामी वेगळी

विचारणा अशी आहे: डच धर्मोपदेशक आणि नंतरचे खासदार वोल्टर फान हूवेल यांच्यावर लेख लिहिताना सुरीनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीतली गुलामी आणि जावा या आजच्या इंडोनेशियातल्या डच अमलाखालच्या बेटावरच्या शेतकऱ्यांवरची कामाची सक्ती, दोन्हींना 'गुलामगिरी' म्हटले तर चालेल का? आणि हूवेल यांना पाद्री म्हणावे का?

नाही चालणार. सुरीनाममध्ये माणूसच विकला जाई. 1 जुलै 1863 ला तिथले गुलाम मुक्त झाले तेव्हा सरकारने माणशी 300 गिल्डर भरपाई दिली, तीही मालकांना! जावाचा शेतकरी कायद्याने कोणाच्या मालकीचा नव्हता. 1830 पासून गावाच्या जमिनीचा एक हिस्सा ऊस, नीळ अशा सरकारी पिकांना द्यावा लागे. त्याचे थोडेफार पैसे हातात पडत. रस्ते-पुलांवर मात्र फुकट राबावे लागे. डच त्याला 'हेरेनडीन्स्टेन' म्हणत, म्हणजे धन्याची चाकरी.

या चाकरीला मराठीत नेमका शब्द आहे, वेठ. आणि आपण त्याची माती केली आहे. 'संपामुळे प्रवासी वेठीस' हा मथळा दर संपाला छापून येतो. त्या प्रवाशांकडून कोणी फुकट दगड वाहून घेतले? त्यांची अडवणूक झाली, कोंडी झाली, फार तर त्यांना ओलीस धरले म्हणा. वेठीस धरणे म्हणजे माणसाला घरातून उचलून मोबदल्याशिवाय कामाला जुंपणे.

'वेठ' आला संस्कृत 'विष्टि'वरून. अर्थ तोच, सक्तीचे फुकट काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहेच, पण मला खरा आनंद देतो तो जुनागडचा शिलालेख. सुदर्शन तलावाचा बांध फुटला होता. तो पुन्हा बांधताना 'कर, विष्टि आणि प्रणय' यांनी प्रजेला पिडले नाही, खर्च स्वतःच्या कोशातून केला, असे महाक्षत्रप रुद्रदामन इ.स. 150 च्या सुमारास दगडात कोरून ठेवतो. (इथला 'प्रणय' म्हणजे प्रेम नव्हे, प्रेमाच्या नावाखाली उकळलेली वर्गणी.) वेठ घेतली नाही ही राजाने मिरवण्याजोगी गोष्ट होती, यावरून ती घेणे किती सर्रास असेल ते कळते. या राजाच्या मुलखांच्या यादीत अपरान्त, म्हणजे आपले कोकणही आहे.

वेठ हा 'वेढा'चा भाऊ, दोन्ही 'वेष्ट'पासून आले, माणसाला वेढून नेतात ती वेठ, असे सांगणारे भेटतात. त्यांनी उच्चाराकडे कधी कान दिलेला नाही. 'मुष्टि'ची मूठ झाली, 'दृष्टि'ची दिठी झाली, तशी 'विष्टि'ची वेठ. लिंगही तेच टिकले: ती मूठ, ती वेठ. 'वेष्ट'चा ढ झाला आणि वेढा पुल्लिंगी राहिला. दोन वेगळी घरे आहेत ही.

'वेठबिगार'बद्दल माझे मत असे, की तो 'बाजारहाट'सारखा जोडशब्द आहे. बाजार फारसी, हाट आपला, अर्थ एकच. तशीच वेठ आपली आणि बिगार फारसी. नवे राज्यकर्ते आले, त्यांचा शब्द आला, काम तेच राहिले. गावकऱ्याने दोन्ही शब्द एकत्र बांधले. आपल्या संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदात तर इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हाच शब्द ठेवला आहे, कारण इंग्रजीला तो पेलला नसता. आणि आज बांधकामावरचा बिगारी मजुरी घेतो, तरी नाव तेच चिकटले आहे.

पाद्री खुशाल लिहा. पोर्तुगीज 'पाद्रे' म्हणजे बाप. हूवेल प्रोटेस्टंट होते, पण मराठी हा भेद पाळत नाही. फक्त 1849 पासूनच्या मजकुरात 'खासदार' लिहा. मे 1848 मध्ये बटाव्हियातल्या (आजच्या जकार्तातल्या) सभेचे पुढारपण केले म्हणून त्यांना जावा सोडावे लागले, आणि पुढची लढाई त्यांनी हेगच्या संसदेतून लढली.